कोऱ्या जागेवरचं नाव

जयप्रकाश ढगेचं अक्षर पाहिलं की माणूसही तसाच सरळ असणार, असं लोक धरून चालत. नेरूळच्या त्या चार मजली सोसायटीत जिन्याखालच्या फळ्यावर लिहिलेलं काय असायचं, तर 'उद्या टाकी धुणार असल्याने पाणी भरून ठेवावे.' पण उतरणारा माणूस दोन घटका थांबून ते बघायचा. टपोरं, उभं, ओळीला शिस्तीत लटकलेलं अक्षर, आणि 'ढ'च्या शेपटाला एक बारीकशी गाठ. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची नावं, शाळेचे अर्ज, कुणाच्या मयताचे कागद, सगळं ढगेकडे यायचं आणि तो कुणाला नाही म्हणत नसे. अक्षराचं कौतुक झालं की मात्र घाईघाईनं विषय बदलायचा. लोकांना वाटायचं, किती हा विनय! विनय वगैरे काही नव्हता.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो बिल्ट्या लिहायचा. ट्रक कुठला, माल काय, किती टन, जाणार कुठे. बिल्टीवरची एकही जागा कोरी सोडायची नाही, हा त्याचा नियम. कोरी जागा राहिली की रस्त्यात कुणीही तिच्यात काहीही घुसडतो, असं तो नव्या कारकुनांना बजावायचा. खरं कारण वेगळं होतं. कागदावर कोरी जागा दिसली की त्याच्या बोटांना चैनच पडत नसे. या एका खोडीपायी त्याच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम झालं होतं, आणि तेही कुणी सांगितलेलं नसताना.

गाव कोणतं, असं विचारलं तर 'परभणीकडचं' म्हणून तो मोकळा व्हायचा. बायको वैजयंती नाशिकची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिनं सासर दोनदाच पाहिलं होतं.

त्र्याण्णव साली साक्षरता अभियानाचं वारं सोसायट्यांपर्यंत पोचलं. बुधवारी आणि रविवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या ऑफिसात प्रौढांचा वर्ग भरवायचं ठरलं आणि शिकवायला अर्थातच ढगे. नेरूळ गावातून पुतळाबाई यायच्या. त्यांची शेतजमीन या नव्या शहराखाली गेली होती. 'आंगठं मारून मारून जमीन गेली, आता म्हातारपनी तरी सई येवाला पायजे,' असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि सगळे हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमित्राबाई सुनेची पत्रं चोरून वाचता यावीत म्हणून येत होत्या, हे त्या स्वतःच सांगायच्या. आणि शेजारच्या इमारतीतून आल्या एक ठेंगण्या, पांढऱ्या पातळातल्या बाई. त्यांचा मुलगा जोतीराम बेलापूरला बँकेत कारकून होता.

जयप्रकाशनं हजेरीची वही उघडली. 'पूर्ण नाव सांगा.'

'चांगुणा वामन साळवे.'

'गाव?'

'परभनीकडचं.'

हे उत्तर त्याचं स्वतःचं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याचं पेन थांबलं. आणि नाव तर त्यानं आधी एकदा लिहिलेलं होतं. तेव्हा त्यात एक 'भ्र.' होता. चांगुणा भ्र. वामन. भ्र. म्हणजे भ्रतार, सरकारी कागदात बाईला अशी नवऱ्याच्या नावाला बांधून लिहायची पद्धत.

तेव्हा म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात गावोगावी दलितांच्या वस्त्यांवर लोक चालून गेले. जयप्रकाशच्या गावातही गेले. तो तेव्हा बावीस वर्षांचा, बी.ए. होऊन घरी बसलेला, तलाठ्याच्या हाताखाली फुकट याद्या उतरवून देणारा पोरगा होता. दिवस मावळायच्या सुमाराला तो घराच्या ओट्यावर बसला होता. थोरला भाऊ श्यामसुंदर रॉकेलचे दोन डबे घेऊन त्याच्या समोरून वस्तीच्या अंगाला गेला. जाताना म्हणाला, 'घरात बस.' जयप्रकाश घरात बसला. वडील लवकर गेल्यावर याच दादानं त्याला वाढवलं होतं, कॉलेजासाठी गोठ्यातला बैल विकला होता. थोड्या वेळानं वस्तीतून आरडाओरडा आला, मग धूर आला. जेवायला दादा शेजारी बसला तेव्हा त्याच्या हाताला वास होता. दोघाही भावांनी मुकाट्यानं भाकरी खाल्ली.

सतरा घरं जळाली. कान्हा साळवे नावाचा आंधळा म्हातारा आत राहिला, तो मेला.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंचनामा झाला. पंचनामा म्हणजे पाच प्रतिष्ठितांनी जागेवर जाऊन जे दिसलं ते लिहून सह्या करायच्या. जागेवर कुणी गेलं नाही. चावडीच्या सतरंजीवर बसूनच 'जागेची समक्ष पाहणी केली' असं लिहिलं गेलं. पाटील म्हणाले, 'जयप्रकाश, तुझं अक्षर चांगलं, तू लिही.' त्यानं लिहिलं. … हिच्या घरातील चुलीतल्या विस्तवाची ठिणगी उडून छपरास आग लागली व वाऱ्याने पसरली. आठ दिवसांच्या झडीनं छपरं चिंब होती, ओल्या छपराला ठिणगी धरत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण चावडीत त्या दिवशी शेंबडं पोर नव्हतं, सगळे शहाणेसुरते होते. 'कुणाच्या चुलीतली?' फौजदारानं विचारलं. कुणी बोलेना. 'राहू द्या मग तशीच जागा, नंतर बघू,' फौजदार म्हणाला.

तेवढ्यावर सुटलं असतं. पण कागदावर 'हिच्या घरातील' या शब्दांच्या आधी बोटभर कोरी जागा पडली होती. महिन्यापूर्वीच जयप्रकाशनं रेशनकार्डांची यादी उतरवून दिली होती. वस्तीच्या यादीतलं पहिलं नाव त्याला आठवलं. ते त्यानं भरून टाकलं. फौजदारानं मान डोलावली. त्या कागदावर पुढे कोर्टात सगळे सुटले, पाटलांनी आपल्या मेहुण्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत त्याला चिकटवून दिलं, आणि तिथून मशीद बंदर, कळंबोली, नेरूळचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट. सगळं त्या बोटभर जागेतून उगवलेलं.

चांगुणाबाईंचं नाव हजेरीत लिहिताना त्याला काय वाटलं ते सांगायचं तर, पळून जावंसं वाटलं. पण वर्ग सोडायला कारण काय देणार? बाईंनी त्याला ओळखलं नव्हतं. त्यानंही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वस्तीत त्यानं आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं, पाहणार कुठून? मग त्यानं मनाशी एक सोयीचा हिशेब मांडला. हिला आपण शिकवू. इतरांपेक्षा जास्त शिकवू. तेवढं तरी फिटेल. चांगल्या माणसाला असे हिशेब फार लवकर सुचतात.

आणि बाईही अशा शिकल्या, की काय सांगावं. त्यानं वहीत वर एक ओळ काढून द्यायची, खाली त्यांनी ती आठ वेळा गिरवायची. त्या दहा वेळा गिरवून आणायच्या. पुतळाबाई सहीवर थांबल्या, सुमित्राबाईंना सुनेची पत्रं वाचून पश्चात्तापच झाला. चांगुणाबाई मात्र दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचायला लागल्या. त्यांचं अक्षर दिवसेंदिवस त्याच्यासारखं होत चाललं होतं. 'ढ'ला तीच गाठ. ते बघून जयप्रकाशला आनंद व्हायचा, अगदी खराखुरा, आणि रात्री त्याच आनंदाची लाज वाटायची.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. जोतीरामनं दोन्ही इमारतींत घरोघरी पेढे वाटले. 'सर, सोळा वर्षं लागली,' तो दारात उभा राहून म्हणाला. वैजयंतीनं पेढा घेतला, त्याला तिळगूळ दिला, अभिनंदन केलं. जयप्रकाशनं पेढा तोंडात टाकला आणि तो कितीतरी वेळ तसाच गालात धरून बसला. दुसरा माणूस असता तर त्या दिवशी पायऱ्या उतरून शेजारच्या इमारतीत गेला असता. त्याच्याही मनात आलं होतं. चपला घालून तो खालच्या फळ्यापर्यंत गेला, कालची सूचना पुसली आणि परत वर आला.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी वर्ग सुटला, बायका गेल्या, पण चांगुणाबाई बसून राहिल्या. त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

'गुरुजी, म्या एक कागद वाचला. कुनाला न इचारता, आपल्या आपन. दोन दिस लागले.'

कागद उलटा होता तरी जयप्रकाशला कळलं. आपलं अक्षर कुठूनही ओळखू येतं.

'जोतीराम आन त्याचे सोबती तवाचे सगळे कागद गोळा करतेत,' बाई म्हणाल्या. 'कोर्टातून आनला. त्यो म्हनला, आई, ह्यात लिवनाऱ्याचं नाव न्हाई. म्या म्हनलं, मला ठावं हाय. सा म्हैने ह्याच अक्षरावर बोट फिरवतीया.'

ऑफिसातला पंखा फिरत होता. जयप्रकाशनं कागद सुलटा करून आपल्यासमोर घेतला.

'त्या दिशी माझ्या चुलीत इस्तव न्हवता, गुरुजी. दुकानदारानं तीन दिस आमाला मीठ-पीठ दिलं न्हवतं. चूल गार पडली व्हती. ठिनगी कुटून उडंल? आन माझंच नाव कामून?'

या प्रश्नाची त्याला पंधरा-सोळा वर्षं धास्ती होती. उत्तर इतकं क्षुल्लक होतं, की ते सांगण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं गेलं असतं. पण तेवढं एक त्यानं केलं नाही.

'रेशनच्या यादीत तुमचं नाव पहिलं होतं,' तो म्हणाला. 'कागदावर जागा कोरी राहिली होती. मी भरली.'

'म्हंजी कुनी सांगितलं न्हवतं?'

'नाही.'

'माझ्यावर राग न्हवता?'

'मी तुम्हाला ओळखतही नव्हतो.'

'राग असता तर बरं झालं असतं,' बाई म्हणाल्या. त्यांनी झेरॉक्सची घडी घातली. 'माझी नातवंडं उद्या हे वाचतील. आपल्या आजीच्या चुलीनं सतरा घरं जळाली, आपला पनजा मेला, असं त्यांना वाटंल. मला दुसरं काय नगं. खरं लिवून द्या. ह्याच अक्षरात.'

त्यानं होकार दिला. अगदी मनापासून दिला. घरी गेल्यावर वैजयंतीला थोडंफार सांगितलं. ती ऐकून एकदम खाली बसली आणि 'बाईंना मी तोंड कसं दाखवू?' एवढंच म्हणाली. तीन दिवस तो लिहीत होता, फाडत होता. बुधवारी तयार झालेला कागद त्यानं बाईंच्या हातात दिला. पंचनामा खोटा होता, जागेवर कोणी गेले नव्हते, चांगुणाबाईंचे नाव मी मनाने घातले, आग गावातील लोकांनी लावली. त्याला हलकं वाटत होतं. थोडा अभिमानही वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाईंनी ओळीखाली बोट धरून वाचलं. एका जागी बोट थांबलं.

'गावातील लोकांनी म्हंजी कोन?'

'सगळेच, चांगुणाबाई. मीसुद्धा. सगळं गाव दोषी आहे.'

'गावाला हात असत्यात व्हय? डबा धराया हात लागतेत. तुमी काय पाह्यलं ते सांगा. हात कुनाचे व्हते?'

सगळ्या गावाची मान खाली घालायला जयप्रकाश तयार होता. एकट्या दादाची घालायला तयार नव्हता. दादानं बैल विकला होता, दादाच्या घरी लग्नाच्या दोन मुली होत्या, दादाच्या चुलीवर अजून त्याची आई जेवत होती. ही कारणं खोटी नव्हती. पण ती त्याच्या ओठांवर आली नाहीत, कारण समोर बसलेल्या बाईचा सासरा जळून मेला होता.

'माझं नाव तवा बरं सापडलं तुमाला,' चांगुणाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. 'ऱ्हाऊ द्या. आता मला लिवता येतंय.'

पुढच्या रविवारी त्या स्वतः लिहिलेला कागद घेऊन आल्या. अक्षर त्याचंच, जरा वाकडं चालणारं. त्यांनी स्वतः पाहिलेली पाच नावं ओळीनं होती. तिसरं श्यामसुंदर ढगे. त्याच्या खाली, वेगळ्या ओळीवर, 'खोटा कागद लिहिणारा जयप्रकाश ढगे.' दोन्ही 'ढ'ना गाठ होती. सगळ्यात खाली 'पंच' लिहून पुढे जागा कोरी ठेवली होती.

'तुमी पाह्यलं तेवढ्याला सही करा. पाचाला नगं. एकाला करा.'

जयप्रकाशनं पेन काढलं. टोपण काढलं. कोरी जागा समोर होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची बोटं जागची हलली नाहीत. 'दादाला पत्र टाकतो,' तो म्हणाला. 'त्याच्या कानावर घालतो आणि मग करतो. आठ दिवस द्या.'

'घाला,' बाई म्हणाल्या.

त्यानं पत्र टाकलं नाही. आठाचे पंधरा दिवस झाले. बाई वर्गाला यायच्या थांबल्या. शेवटी एका संध्याकाळी तो चपला घालून निघाला आणि या खेपेला फळ्यापाशी थांबला नाही. जोतीराम बँकेतून आलेला नव्हता. बाई तांदूळ निवडत होत्या.

'सही करायला आलो,' तो म्हणाला. खरंच करणार होता का, ते त्याचं त्यालाही कधी कळलं नाही.

'कागद शुक्रवारी जोतीरामच्या सोबत्यांकडं गेला, गुरुजी. जागा मोकळीच ठिवून गेला.' त्या उठल्या. 'बसा. च्या घेता ना आमच्यातला?'

तो बसला. चहा घेतला. कप खाली ठेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. 'मला माफ करा,' तो म्हणाला.

'म्या एकली माफ कराया कोन? आमच्या म्हाताऱ्याला इचाराया लागंल.' त्यांनी ताटलीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. 'तुमी शिकवलं ते म्या इसरनार न्हाई. आन लिवलं ते बी इसरनार न्हाई. तुमचा कागद तुमी लिवा. पोष्ट हाय की सेक्टरात.'

पुढची पाच वर्षं जयप्रकाश तो कागद लिहीत होता. सोसायटीला रंग लागला, पलीकडे सीवूड्सच्या बाजूला इमारती उठल्या, वर्ग कधीच बंद पडला. सुट्टीच्या दिवशी तो फुलस्केप घेऊन बसायचा. आपला दोष सुबक अक्षरात लिहून काढायचा, दादाच्या नावाशी आला की हात थांबायचा आणि कागद कपाटात जायचा. अशा कागदांचा तिथे गठ्ठा झाला. सगळ्यांत एकाच ठिकाणी जागा कोरी होती. वैजयंतीनं तो पाहिला होता. ती काही बोलायची नाही, फक्त आवराआवर करताना त्या गठ्ठ्याला हात लावायची नाही. रस्त्यात चांगुणाबाई भेटायच्या. 'बरं हाय का, गुरुजी?' विचारायच्या. त्याच्या जिवाला ते विचारणं फार लागायचं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात श्यामसुंदर गेला. जयप्रकाश गावाला जाऊन तेरावं उरकून आला. आला त्या दिवशीच दुपारी बसला आणि एका बैठकीत कागद लिहिला. कुठे अडला नाही. दिवस, वेळ, ओटा, दोन डबे, हाताचा वास, 'माझे वडीलबंधू श्यामसुंदर ढगे.' खाली सही केली. पाच वर्षं जे जमलं नाही ते तासाभरात झालं, याचं त्यालाच नवल वाटलं. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण छातीवरचा धोंडाही उतरल्यासारखा झाला होता. तसाच कागद घेऊन तो शेजारच्या इमारतीत गेला.

चांगुणाबाईंना आता चष्मा लागला होता. त्यांनी खिडकीशी जाऊन कागद वाचला. आता बोट धरायची गरज पडत नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी त्याच्या केस काढलेल्या डोक्याकडे पाहिलं.

'भाऊ कदी गेले?'

'झाले पंधरा दिवस.'

'वाईट झालं,' बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी खरंच म्हटलं. कागद त्यांनी परत केला नाही. घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला. जयप्रकाश उभाच होता. अजून काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत होता, आणि बाईंना ते कळलं.

'खरं लिवलंत. आपलं नाव बी लिवलंत. जोतीरामला देते,' त्या म्हणाल्या. 'पन दोष द्यायला दुसऱ्या जित्या मानसाचं नाव तुमी जल्मात एकदाच लिवलं, गुरुजी. माझं.'

मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.